सोडियम पुन्हा पुन्हा खाली येतंय? या क्रमाने तपासा

लक्षणं

हाक मारल्यावर ओ उशिरा येते. जेवणावरची वासना उडते, मळमळतं, डोकं जड राहतं. चालताना तोल जातो, बाथरूमला जाताना भिंतीचा आधार लागतो. रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे आजोबा एकच पान धरून बसतात. आजी दिवसभर गुंगीत असतात, मधूनच असंबद्ध बोलतात. घरच्यांना वाटतं, वय झालं किंवा ऊन बाधलं. मग एक दिवस पडणं होतं, खुब्याचं हाड मोडतं आणि ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत सोडियम १२३ निघतं.

हा लेख पहिल्या वेळेसाठी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी आहे. ॲडमिट केलं, सलाइन लावलं, १३२ वर आलं, घरी सोडलं, आणि महिना उलटायच्या आत परत तीच गुंगी, परत तोच आकडा. परळ-लालबाग भागात जनरल प्रॅक्टिस करताना हा प्रकार मी घरोघरी पाहिलाय आणि निस्तरलाय. कारण बऱ्याचदा घरातच सापडतं. ते सापडेपर्यंत सलाइनने मिळालेला आकडा टिकत नाही.

आधी थांबायचं कुठे ते

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सी करून जवळची कॅज्युअल्टी गाठा. केईएम, सायन, नायर, कूपर इथे ती चोवीस तास चालू असते.

फिट आली. माणूस उठवून उठत नाही किंवा ओळख विसरला. सतत उलट्या होतायत. श्वास जड झालाय. दोन दिवसांपूर्वी ठीक असलेलं माणूस अचानक असं झालंय. किंवा लक्षणं काहीच नाहीत, पण रिपोर्टमध्ये सोडियम १२५ च्या खाली आहे.

१२५ ते १२९ असेल तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवा. १३० ते १३४ असेल आणि माणूस ठणठणीत असेल, तर खालच्या तपासण्या करायला तुमच्याकडे चार-आठ दिवस आहेत. नॉर्मल १३५ ते १४५ धरतात. रिपोर्टवर एमएमओएल लिहिलेलं असो की एमईक्यू, सोडियमच्या बाबतीत आकडा एकच.

मीठ वाढवून का भागत नाही

सोडियम कमी आलं की घरात पहिली गोष्ट होते ती म्हणजे ताटात मीठ वाढतं. तो आकडा नेमकं काय सांगतो हे एकदा समजून घेतलं, तर पुढच्या प्रत्येक तपासणीचं कारण आपोआप कळेल.

आमटीत पाणी जास्त झालं की ती अळणी लागते, मीठ मात्र टाकलं तेवढंच असतं. रक्ताचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. रिपोर्टमधला आकडा एक लिटर पाण्यामागे किती सोडियम आहे ते सांगतो, शरीरात एकूण मीठ किती आहे ते सांगत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की पाणी बाहेर का पडत नाहीये.

पाणी बाहेर सोडायचं की अडवायचं, हे मूत्रपिंड ठरवतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटरच लघवी होते. किती परत घ्यायचं याचा हुकूम मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी रक्ताचा दाटपणा मोजणाऱ्या पेशी आहेत, त्यांना एक-दोन टक्क्यांचा फरकही कळतो. रक्त दाट झालं की तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. डॉक्टर त्याला एडीएच म्हणतात. ते मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांत पोचलं की तिथल्या पेशींच्या भिंतीत पाणी जाण्याच्या वाटा बसवल्या जातात आणि पाणी परत आत ओढलं जातं. या वाटांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रक्त पातळ झालं की एडीएच थांबतं, वाटा मिटतात आणि पाण्यासारखी लघवी होऊन जादा पाणी निघून जातं.

ही व्यवस्था इतकी चोख आहे की निरोगी माणसाचं सोडियम नुसतं पाणी पिऊन सहसा पडत नाही. ते पडलं, याचा अर्थ बहुतेक वेळा दोनपैकी एक काहीतरी बिघडलंय. एक तर एडीएच नको असताना सुटतंय, नाहीतर मूत्रपिंडाला लघवी पातळ करता येत नाहीये. सोडियम पडलं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. इतर अवयवांना फुगायला जागा असते. मेंदू मात्र कवटीत कोंडलेला असतो, म्हणून लक्षणं सगळी डोक्याची आणि तोलाची.

पहिली तपासणी: रिपोर्ट नीट वाचा

याला पैसे लागत नाहीत. मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि सोडियमचे आकडे एका कागदावर लिहा. वर्षभर १३१-१३२ वर रेंगाळणारं सोडियम आणि आठवड्यात १३९ वरून १२७ वर आलेलं सोडियम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून दुसरी जास्त धोक्याची.

त्याच दिवशीची साखर बघा. साखर खूप वाढली की ती पेशींतलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियम कमी दिसतं. १०० च्या वर दर १०० साखरेमागे सोडियम साधारण दीड ते अडीचने खाली जातं. साखर ४०० असताना सोडियम १३० आलं, तर आधी साखरेचा बंदोबस्त करायचा असतो.

आणि रक्त कुठून काढलं ते आठवा. ज्या हाताला ड्रिप चालू होती त्याच हातातून काढलं असेल, तर तो आकडा धरू नका.

दुसरी तपासणी: गोळ्यांचा डबा

एवढी एकच तपासणी करायला सवड असेल, तर ही करा. वारंवार पडणाऱ्या सोडियमचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलंय.

प्रिस्क्रिप्शन बघू नका, प्रत्यक्ष डबा बघा. कागदावर एक असतं आणि पोटात दुसरंच जात असतं. एक सूनबाई सासूबाईंना घेऊन आल्या होत्या, सोडियम तिसऱ्यांदा पडलं होतं. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर उपडा केला. त्यात बीपीच्या गोळीची एक पट्टी होती, नावापुढे ‘एच’. दुसरी पट्टी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची, तिच्यावर बारीक अक्षरात क्लोरथॅलिडोन. “ही बीपीची आणि ही पायाच्या सुजेची, असं सांगितलं होतं ना?” सूनबाईंनी विचारलं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या त्या दोन गोळ्या एकाच जातीच्या होत्या. तिसरी पट्टी झोप नीट लागावी म्हणून सुरू झालेल्या एस्सिटालोप्रॅमची. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती: बाकीची औषधं पूर्वीप्रमाणे. घरी आल्यावर तिन्ही गोळ्या प्रामाणिकपणे चालू होत्या.

बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन. इंडापामाइडही त्याच, म्हणजे थायाझाइड घराण्यातलं. नावावर विसंबू नका, पट्टीच्या मागचा घटक वाचा. अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मूत्रपिंडाच्या ज्या भागात लघवी पातळ होते, तिथेच या गोळ्या मीठ परत घेणं अडवतात. त्यामुळे लघवी पुरेशी पातळ होऊ शकत नाही आणि प्यायलेलं पाणी आत साचतं. बीपीसाठी ही औषधं चांगली आहेत, कित्येकांना ती वर्षानुवर्षं मानवतात. धोका जास्त असतो तो वय झालेल्या, अंगाने बारीक बायकांना, आणि गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. “पण ही तर पाच वर्षं चालू आहे” हे मी रोज ऐकतो. पाच वर्षं मानवलेली गोळीही जुलाब लागले, उपास घडले किंवा शेजारी नवी गोळी आली की सोडियम पाडू शकते. पोटॅशियमही सोबत कमी आलं असेल तर संशय आणखी बळावतो.

डब्यात आणखी काय शोधायचं: नैराश्य आणि घबराटीवरची एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन ही औषधं, फिटवरची कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन (चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठीही देतात), रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून दिलेलं डेस्मोप्रेसिन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या. यांतली काही एडीएच वाढवतात, काही त्याचा परिणाम वाढवतात. डेस्मोप्रेसिन तर एडीएचचाच कृत्रिम भाऊ आहे. सोडियम कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डब्यात ते दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

गोळ्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी अचानक तोडली तर फिट येते. स्टेरॉइड अचानक तोडलं तर बीपी कोसळतं आणि सोडियम आणखी पडतं. थायाझाइडचंही एक पथ्य आहे: सोडियम १२५ च्या खाली असताना ती गोळी घरी थांबवली, तर मूत्रपिंड अडवून ठेवलेलं पाणी भराभर सोडून देतं आणि सोडियम झपाट्याने वर चढतं. ते का वाईट, ते पुढे येतंच. डब्याचा फोटो डॉक्टरांना पाठवा आणि काय थांबवायचं ते त्यांना ठरवू द्या.

तिसरी तपासणी: तीन दिवस ताट आणि तांब्या

तीन दिवस लिहून काढा: सकाळपासून किती पाणी, किती चहा, किती ताक, आणि ताटात खरोखर काय गेलं. ‘जेवल्या’ असं लिहू नका. अर्धी पोळी, दोन चमचे भात असं लिहा.

पाण्याइतकंच महत्त्व जेवणाला का, ते सांगतो. पाणी लघवीतून एकटं जाऊ शकत नाही, त्याच्यासोबत थोडे क्षार आणि प्रथिनांतून तयार झालेला युरिया जावाच लागतो. नीट जेवणाऱ्या माणसाकडे रोज बाहेर टाकायला असा ६०० ते ९०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) माल असतो. तरुण मूत्रपिंड लघवी लिटरला ५० इतकी पातळ करू शकतं. म्हणजे ६०० धरले तरी १२ लिटर पाणी बाहेर जाऊ शकतं. आता चहा-खारी, चहा-बिस्कीट आणि रात्री वाटीभर पेज यांवर राहणाऱ्या आजी घ्या. त्यांच्याकडे माल २५० च्या आसपास, आणि वयामुळे लघवी १०० च्या खाली पातळ होत नाही असं धरा. हिशोब अडीच लिटरवर संपला. त्यात कुणीतरी सांगितलेलं असतं की उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी प्यावं, दिवसभरात तीन लिटर व्हायला हवं. उरलेलं पाणी अंगातच राहतं.

दात नाहीत, एकट्याने जेवायचा कंटाळा येतो, मुलं सातच्या लोकलने जातात ती रात्री नऊला येतात. या घरांत ताटात एक अंडं, वाटीभर घट्ट वरण, पनीर किंवा मऊ शिजवलेला मासा आला तरी फरक पडतो. प्रथिनांचा युरिया होतो आणि तो पाण्याला बाहेर घेऊन जातो. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी विचारा. पाणी तहानेपुरतं, घड्याळ लावून नाही.

चौथी तपासणी: अंगातून काय गेलं, आणि त्याजागी काय प्यायलं

पावसाळ्यात मुंबईत जुलाब-उलट्यांची साथ असतेच. त्यात मीठ आणि पाणी दोन्ही जातं. रक्ताचं प्रमाण घटलं की शरीर पाणी धरून ठेवायला एडीएच सोडतं, रक्त पातळ असलं तरी. अशा वेळी वरून नुसतं पाणी किंवा शहाळं दिलं की सोडियम पडतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम फार थोडं. इथे ओआरएस हवं, आणि तेही पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला ७५ सोडियम असतं. गोड पेयाच्या खोक्यावर ओआरएस छापलेलं असायचं, त्यावर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. जुना साठा हाती आला तर घटक वाचून घ्या.

जुलाब नसताना मात्र सोडियम वाढवायला म्हणून दिवसभर ओआरएस पाजू नका. त्यातलं सोडियम रक्ताच्या निम्म्याच्या आसपास आहे. एडीएच चढलेल्या माणसाला ते देणं म्हणजे बरंचसं पाणीच देणं.

जानेवारीतल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, आणि धावताना वजन वाढलेल्यांत ते जास्त आढळलं. दर स्टॉलवर पाणी प्यायचं कारण नाही.

पाचवी तपासणी: पाय आणि वजनकाटा

नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबा. खळगा राहिला तर सूज आहे. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन लिहा. सूज, वाढतं वजन आणि झोपल्यावर दम लागणं, असं एकत्र दिसलं तर प्रश्न हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आहे. घरचा शोध इथे संपवा आणि फिजिशियनकडे जा.

सहावी तपासणी: लॅबमधल्या तीन चाचण्या

इथून पुढे डॉक्टर लागतात, पण काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे विरघळलेल्या कणांचा दाटपणा), लघवीची ऑस्मोलॅलिटी, लघवीतलं सोडियम. रक्त आणि लघवी एकाच वेळी, आणि शक्य असेल तर सलाइन लावण्याआधी. सलाइन गेल्यावर लघवीचं चित्र बदलतं आणि कारण हातचं निसटतं. ॲडमिट करताना “डॉक्टर, लघवीचा नमुना आधी घ्याल का?” एवढं विचारायला संकोचू नका.

लघवीची ऑस्मोलॅलिटी १०० च्या खाली असेल तर मूत्रपिंड आपलं काम करतंय, पाणी फार जास्त किंवा जेवण फार कमी आहे. ती १०० च्या वर आणि लघवीतलं सोडियम ३० च्या खाली असेल, तर बहुधा अंगातून मीठ-पाणी गेलंय किंवा हृदय-यकृताचा आजार आहे. दोन्ही चढे असतील तर गोळ्या, ॲड्रीनल ग्रंथी किंवा नको असताना सुटणारं एडीएच, ज्याला एसआयएडीएच म्हणतात. थायाझाइड चालू असेल तर हे आकडे फसवे ठरतात, म्हणून डबा आधी. सोबत थायरॉइड आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (ॲड्रीनल ग्रंथीचं संप्रेरक) करून घ्या.

एसआयएडीएच ठरलं की मागचं कारण शोधणं नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडाचे डॉक्टर) किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टचं (संप्रेरकांचे डॉक्टर) काम. न्यूमोनिया, टीबी, फुप्फुसाचा कॅन्सर, मेंदूतला आजार, यांतलं काहीही आत दडलेलं असू शकतं. छातीचा एक्स-रे टाळू नका, विशेषतः खोकला आणि घटतं वजन असेल तर.

घरी काय करायचं नाही

मिठाच्या पुड्या किंवा कॅप्सूल मनाने देऊ नका. बीपी आणि हृदयाच्या माणसाला त्या महागात पडतात, वर तहान वाढून पाणी जास्त जातं. सैंधवही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी घेणाऱ्याला किंवा मूत्रपिंड कमजोर असणाऱ्याला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

एक सलाइन लावून घेऊ, हा आग्रहही धरू नका. जुलाबांनी सुकलेल्याला सलाइन तारतं. एसआयएडीएचमध्ये मूत्रपिंड त्यातलं मीठ लघवीतून टाकून देऊन पाणी ठेवून घेऊ शकतं, आणि आकडा आणखी उतरतो. उलट बाजूने, सोडियम फार भरभर वाढलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं. त्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात: बोलणं अडखळणं, गिळता न येणं, हातापायांतली ताकद जाणं. म्हणून बरेच दिवस कमी असलेल्या सोडियमला २४ तासांत ८ च्या आसपासच वाढू देतात आणि काही तासांनी रक्त परत तपासतात. तीन टक्क्यांचं (नेहमीपेक्षा खारट) सलाइन आणि एडीएचचा परिणाम अडवणारी टॉल्व्हाप्टन ही गोळी सुरू करणं ही हॉस्पिटलमधलीच कामं. “चार दिवस झाले, अजून १३५ का नाही?” असं डॉक्टरांना विचारण्याआधी हे लक्षात घ्या. सावकाश वाढवणारे डॉक्टर बरोबर करतायत.

कारण सापडल्यावर

गोळी बदलली किंवा पाण्याचं प्रमाण ठरलं की आठवड्याने सोडियम तपासा, मग महिन्याने, शक्यतो त्याच लॅबमध्ये. बीपीची नवी गोळी, झोपेची किंवा मूडची नवी गोळी सुरू झाली तर पुढच्या दोन आठवड्यांत एकदा तपासा, लक्षणं नसली तरी.

ज्या औषधाने सोडियम पडलं त्याच्या घटकाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. थायाझाइडने एकदा पाडलं, तर त्या घराण्यातली कुठलीच गोळी त्या माणसाला परत द्यायची नसते. दातांच्या डॉक्टरांपासून हाडांच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला ते पान दाखवा. नेहमीच्या मेडिकलवाल्यालाही सांगून ठेवा, की पर्यायी कंपनीची पट्टी देताना नावापुढचं ‘एच’ आणि ‘सीटी’ बघूनच द्यायचं.